चपाती बंद केली, पण सॉसेजमधल्या गव्हाचे काय?



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी विहारात वंदना संपली, लोक उठून जायला लागले, तेव्हा एक आई माझ्याजवळ येऊन बसली. सोबत तिची अकरा वर्षांची मुलगी. अंगाने इतकी बारीक की सात-आठ वर्षांची वाटावी. आई म्हणाली, "सिस्टर, हिची चपाती बंद करून आठ महिने झाले. एक तुकडासुद्धा देत नाही. तरी पोट फुगतंच, जुलाब होतातच, आणि रक्त काही वाढत नाही."

तिने पिशवीतून कागदांची जुडी काढली. पहिल्या चार वर्षांच्या कागदांवर एकच गोष्ट होती: रक्त कमी, लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन सातच्या आसपासच. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि आजार सापडला: सिलिॲक. गहू आयुष्यभर बंद. त्यासोबत काय खायचे त्याचा एक छापील कागद दिला होता. त्यात पनीर होते, सफरचंद होते, मखाणे होते. आपल्या घरात शिजते त्यातले भात-वरण सोडून काहीच नव्हते.

मी विचारले, "सकाळपासून रात्रीपर्यंत ही काय-काय खाते ते सांगा." आईने भाकरी, भात, वरण, भाजी असे सांगितले. मी म्हटले, "आणि मटण-मच्छी?" तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली केला. "खातो की ताई. पण दवाखान्यात तसं नाही सांगितलं. त्या मॅडमनी विचारलं, व्हेज का नॉनव्हेज? मी म्हटलं व्हेज. उगाच तोंड वाकडं करतात."

तेवढ्यात पोरगीच बोलली, "मला आई डब्यात सॉसेज देते."

आई पहाटे उठून चार घरची कामे करायला जाते. आधी डब्यात चपाती-भाजी असायची. चपाती बंद झाल्यावर प्रश्न पडला की पटकन काय द्यायचे. नाक्यावरच्या कोल्ड स्टोरेजमधून सुटे सॉसेज आणायचे, तव्यावर परतायचे, डबा तयार. पोरीचे ते आवडते. आईचा हिशोब सरळ होता: हे मांस आहे, मांसात गहू कुठून येणार? म्हणून चपातीच्या जागी सॉसेज वाढले.

आम्ही तिघी त्या दुकानात गेलो. दुकानदाराने फ्रीजरमधून मोठे पाकीट काढून दाखवले. घटकांच्या यादीत चिकन, पाणी, तेल, आणि चौथ्या नंबरवर गव्हाचे पीठ. आई तिथेच मटकन खाली बसली. "म्हणजे मीच तिला खाऊ घालत होते," म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि तिलाही कोणाला सांगायची सोय ठेवली नव्हती. म्हणून आजचे हे पान.

आजार काय आहे?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते ती याच्यामुळे. बहुतेक लोकांना त्याचा काही त्रास नाही. पण सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक लव असते, टॉवेलला असते तशी. अन्नातला कस याच लवेतून शोषला जातो. ही लव झिजून सपाट झाली की खाल्लेले अंगी लागत नाही. लोह शोषले जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम शोषले जात नाही म्हणून हाडे ठिसूळ, आणि मुलांची उंची-वजन थांबते. कोणाला जुलाब होतात, कोणाचे पोट फुगते, कोणाला तोंड येते. काही जणांना पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त रक्त वाढत नाही. काही बायकांना दिवस राहत नाहीत.

हा आजार गव्हामुळे होतो हे कळले त्याला फार वर्षे झाली नाहीत. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पावाचा भयंकर तुटवडा पडला. सगळा देश उपाशी, पण डिकेंच्या वॉर्डातली ही आजारी मुले सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. त्यावरून गव्हाकडे बोट गेले.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजतात. पण दिल्लीच्या परिसरात झालेल्या पाहणीत शंभरात साधारण एका माणसाला तो आढळला. हा संसर्गजन्य नाही, एकाच ताटात जेवल्याने होत नाही. तो रक्ताच्या नात्यात जास्त सापडतो. म्हणून एका मुलाला निघाला तर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करायला सांगा.

तपासणीचे नाव टीटीजी-आयजीए. ती रक्तावर होते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका. बंद केला तर तपासणी खोटी चांगली येते आणि आजार लपून राहतो. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, मुलाची वाढ थांबली असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही सांगता येते.

मांसात गहू येतो कुठून?

कापलेल्या कोंबडीत, बोकडाच्या मटणात, मासळीत, अंड्यात ग्लूटेन नसते. वजडी, मुंडी, पाया, कलेजी, रक्ती, कशातच नसते. ते येते कारखान्यात आणि गाडीवर.

सॉसेज किंवा सलामी करताना मांस बारीक वाटतात, त्यात पाणी, चरबी किंवा तेल घालतात. हे सगळे एकजीव राहावे, शिजताना पाणी सुटू नये म्हणून त्याला बांधायला काहीतरी लागते. पीठ आणि स्टार्च पाणी शोषून फुगतात, माल वजनाला भरतो, आणि मांसापेक्षा पीठ स्वस्त पडते. काही कंपन्या बटाट्याचे, मक्याचे किंवा साबुदाण्याच्या कंदाचे स्टार्च वापरतात, काही सोयाचे प्रथिन घालतात. त्यांचा माल चालू शकतो. काही मैदा किंवा ब्रेडचा चुरा घालतात. तो चालत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

नगेट, पॅटिस, कटलेट यांना बाहेरून ब्रेडचा चुरा लावलेला असतो, ते सरळ बाद. मोमोचे आवरण मैद्याचे. चायनीजच्या गाडीवरच्या लॉलीपॉपला मैदा आणि कॉर्नफ्लोअर मिसळून लावतात, शिवाय सोया सॉस बहुतेक वेळा सोयाबीनसोबत गहू आंबवूनच बनतो. चिकन सिक्स्टी फाइव्हचेही तेच. शीग कबाबाला बांधायला कोणी डाळ्याचे पीठ घालतो, कोणी भिजवलेला पाव. आणि समजा एखाद्याच्या पिठात गहू नसला, तरी त्याच कढईतल्या त्याच तेलात मैद्याची भजी, नूडल्स तळलेले असतात. तेवढ्यानेही या मुलांना त्रास होतो.

मांस नको म्हणून सोया चाप आणाल, तर थांबा. सोया चापात सोयासोबत मैदा असतो.

अजून एक चोर घरातच बसलेला असतो: हिंग. डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेले असते, आणि पुष्कळदा ते गव्हाचे असते. डबी वाचून घ्या. तांदळाच्या पिठातला हिंगही बाजारात मिळतो. नाही मिळाला तर लसणाची फोडणी आपली आहेच.

पाकीट वाचायचे कसे?

बंद पाकिटावर घटकांची यादी छापणे कायद्याने सक्तीचे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे गहू, जव यांसारखी ग्लूटेन असलेली धान्ये घातली असतील तर 'कंटेन्स' म्हणजे 'यात आहे' असे लिहून ती वेगळी दाखवावी लागतात. ही ओळ घटकांच्या यादीच्या खाली शोधा. 'ग्लूटेन फ्री' असे छापायचे असेल तर एक किलो मालात ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

अडचण अशी की हे सगळे बारीक इंग्रजीत असते. त्यावर आम्ही एक उपाय केला. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एका पुठ्ठ्यावर हे शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: व्हीट, मैदा, आटा, सेमोलिना, बार्ली, राय, माल्ट, ग्लूटेन, ब्रेडक्रम्ब, रस्क. पुठ्ठा पिशवीत ठेवा. दुकानात पाकिटावरच्या यादीशी एकेक शब्द जुळवून पाहा. वाचता आले नाही तरी अक्षरांचा आकार जुळवता येतो. त्या आईने तसेच केले, आणि आता तिला पुठ्ठाही लागत नाही.

ओट्स हा शब्द दिसला तरी पाकीट ठेवून द्या, कारण ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते. नुसते 'स्टार्च' लिहिले असेल तर कशाचे ते पाहा, आणि 'कंटेन्स' ओळीत गहू आहे का तेही. माल्टोडेक्स्ट्रिन या शब्दाने घाबरू नका, नाव माल्टसारखे असले तरी ते चालते. कंपनी तीच आणि मागच्या महिन्यात चालले होते म्हणून न वाचता घेऊ नका, घटक बदलतात.

सुटा माल घेऊ नका. हा आमचा पहिला नियम आहे. सुट्या सॉसेजला यादी नसते, आणि दुकानदाराच्या "काही नाही हो, चिकनच आहे" यावर लेकराचे आतडे सोपवता येत नाही. दुकानात कापून मिळणारी सलामीही नको, एकाच यंत्रावर सगळेच कापले जाते. पाकिटावर चुकीची माहिती आढळली तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर तक्रार करता येते. पाकिटाचा फोटो काढून ठेवा, त्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक दिसला पाहिजे.

आपल्याकडे आधीपासून काय आहे?

आपल्या आज्या मटणाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर उन्हात वाळवायच्या. त्याला चान्या म्हणत. पावसाळ्यात काढून निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर कालवणात टाकायच्या. तेव्हाचे मांस वेगळे होते आणि आजचा कायदा वेगळा आहे. पण टिकवलेले मांस म्हणजे कारखान्याचेच, असे नाही एवढे यातून कळते. आजीच्या चान्यांत गव्हाचा कण नव्हता. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाचे हे सगळे खाणे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. ज्याची आपल्याला लाज वाटायला लावली, त्याची नोंद कोणीतरी मानाने केली.

आज वस्तीत गटार आणि माश्यांच्या शेजारी मांस वाळवू नका, त्यातून दुसरे आजार येतील. पण सुकट, जवळा, बोंबील, सुकी मांदेली चालतात. मीठ जास्त असते म्हणून आधी पाण्यात धुऊन घ्या. गोव्याचे चोरीस, म्हणजे माळेसारखे लटकवलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज, मूळ रीतीत मांस, मीठ, मिरची, लसूण, मसाला आणि माडाच्या ताडीचे व्हिनेगर यांचेच असते. जे खातात त्यांना ते चालेल, पण पाकिटातले घेतले तर यादी इथेही वाचायचीच.

रक्त कमी असलेल्या मुलाला कलेजी, रक्ती यांतून लोह मिळते, आणि ती मटणापेक्षा स्वस्त पडतात.

डब्यासाठी घरचे सॉसेज

त्या पोरीला कालवण नको होते, तिला सॉसेजच हवे होते. मुलांचे असेच असते, मैत्रिणीच्या डब्यात जे असते ते आपल्याही डब्यात हवे. मग आम्ही हे करून पाहिले.

अर्धा किलो चिकनचा खिमा घ्या. खिमा दुकानातून आणताना यंत्रातून आधी पाव-मसाला घातलेला माल काढलेला नाही ना, ते विचारा. एक मध्यम उकडलेला बटाटा कुस्करून घाला. दोन मोठे चमचे डाळे घरच्या मिक्सरमध्ये दळून घाला. बाजारचे बेसन घेऊ नका, त्याच गिरणीत गहूही दळलेला असतो. एक अंडे, आले-लसणाचे वाटण, लाल तिखट, मीठ, थोडी मिरपूड. चांगले मळून अर्धा तास ठेवा. ओल्या हाताने बोटाएवढ्या लांब वळकट्या करा. केळीच्या पानात गुंडाळून, नाहीतर तेल लावलेल्या स्टीलच्या चाळणीवर, वीस मिनिटे वाफवा. एक मोडून पाहा, आत गुलाबी दिसता कामा नये. गार झाल्यावर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. सकाळी तव्यावर थोड्या तेलात परतले की डबा तयार. फ्रीज नसेल तर त्या दिवसापुरतेच करा.

नगेट हवे असतील तर हेच मिश्रण चपटे करून तांदळाच्या जाडसर रव्यात घोळवा. तांदूळ घरीच धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये भरड काढायचे. कुरकुरीत होतात.

एक इशारा. सॉसेज गव्हाविना मिळाले म्हणजे ते रोज खायचे असे नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेल्या, धुरावलेल्या, टिकवलेल्या मांसाला कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. बाजारचे पाकीट कधीतरी, सणासुदीला. आठवड्याच्या डब्याला अंडे, मासळी, ताजे मटण, घरचा खिमा.

एका खोलीचे घर असेल तर

"वेगळे स्वयंपाकघर ठेवा" असे कागदावर लिहिणे सोपे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत ते कुठून आणायचे? पण एवढे करता येते. आजारी मुलाचे आधी शिजवा, मग घरच्यांच्या चपात्या. भाकरीचा तवा आणि लाटणे-पोळपाट वेगळे. लाकडी भांड्यात पीठ अडकून राहते. स्टीलची भांडी साबणाने घासून धुतली की चालतात. घरच्यांचे आधीच तळून झालेले तेल तिच्यासाठी वापरू नका. मिठाच्या डब्यात कणकेचा हात घालू नका.

गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पीठ मिसळतेच. आमच्या बचत गटातल्या बायकांनी एक घरघंटी घेतली, तिच्यात फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ. तुमच्या गटातही असे करता येईल.

मांडायला लाजू नका

तथागतांच्या काळात एक भिक्खू पोटाच्या विकाराने घाणीत पडला होता, जवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मी नर्सिंगच्या नोकरीत होते तेव्हा ही गोष्ट मला वारंवार आठवायची. रुग्णाला नाक मुरडायचे नसते.

त्या आईने नाक मुरडतील या भीतीने काय खातो ते लपवले, आणि लेकराचे आठ महिने गेले. डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना तुमच्या घरात शिजते ते सगळे सांगा. वजडी खातो, सुकट खातो, गाडीवरचे लॉलीपॉप खातो, मान वर करून सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना गहू सापडणार नाही. कोणी तोंड वाकडे केले तर सोबत दुसऱ्या वेळी गटातली एक बाई घेऊन जा. आहाराच्या कागदावर आपले अन्न लिहून मागा. आणि रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मिळावा यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करा. एकटीने नाही, वस्तीने मिळून करा. मुफ्त मिळालेला गहू ज्या लेकराला विष आहे, त्याच्या वाट्याचे धान्य कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे.

जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना अशा मुलाचा डबा घरून न्या. पुरी-भाजी प्रेमाने दिलेली असली तरी त्याला चालत नाही. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर करणाऱ्यांना एक विनंती: तांदळाची करा. शेवयांची किंवा गव्हाची केली तर एक लेकरू रिकाम्या वाटीने परत जाते.

त्या पोरीचे सॉसेज, गाडीवरचे खाणे आणि डबीतला हिंग बंद झाला. सहा महिन्यांनी तपासणीचा आकडा खाली आला, हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले. वर्षभरात फ्रॉक आखूड झाले. आता ती दुकानात गेली की पाकीट उलटे करून आधी यादी वाचते, आणि शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवते.

जय भीम, नमो बुद्धाय.